पाटावरचे दोन खिळे

बाबा, तो पाट अजून माझ्याकडे आहे. त्यातून आरपार आलेले खिळे आईने उपटले, पाहुण्यांची धोतरं अडकतील म्हणून. भोकं मात्र राहिली.

लढाईचं वर्ष होतं. फॅक्टरीला रविवारही नव्हता, अधारतालच्या घरी तुम्ही जेवण्यापुरते यायचात. मॅट्रिकनंतर मी टायपिंग शिकायचं हे तुम्ही ठरवून टाकलं होतं. त्या दुपारी तुमचे फोरमन जेवायला होते. माझी परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, "बिटिया, ग्रह सूरज के सबसे पास कहाँ आता है?" मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगितलंत, लंबवर्तुळाच्या आखूड अक्षाच्या टोकाला. ड्रॉइंग ऑफिसात सगळी मापं मध्यबिंदूपासून घ्यायची तुमची सवय, त्यामुळे सूर्यही तुम्ही मधोमध बसवलात.

"लांब अक्षाच्या टोकाला, बाबा. सूर्य मधात नसते," मी म्हणाले. साहेबासमोर चूक काढली म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात पिटाळलंत. मला राग आला, आणि भीतीही वाटली, कारण आता टायपिंग पक्कंच.

फोरमन गेल्यावर तुम्ही पाट उपडा केला, दोन खिळे ठोकले, त्यातल्या एकाला सूर्य म्हणालात. सैल दोऱ्याची टोकं खिळ्यांना बांधून, तो पेन्सिलीने ताणून फिरवायला लागलात. मी कणकेच्या हातांनी दाराशी उभी. पेन्सिल आखूड अक्षाच्या टोकाला येते, तिथे दोरा दोन्ही खिळ्यांना सारखा वाटला जातो. तिथून ती सूर्याच्या बाजूला सरकते तसा सूर्याचा वाटा आखडतो आणि दुसऱ्याचा वाढतो, कारण दोरा तेवढाच आहे. लांब अक्षाच्या टोकाला सूर्याचा वाटा सर्वात लहान होतो. तिथे तुम्ही थांबलात आणि दोनदा फूटपट्टी लावलीत.

"मीच चुकून राहिलो होतो," तुम्ही म्हणालात. "बी.एस्सी. कर तू." मग सायकल काढून ड्यूटीवर गेलात, आणि पोरीने आपल्याला दुरुस्त केलं हे सगळ्या सेक्शनला सांगितलंत.

पुढे मी आयुष्यभर कॉलेजात हेच शिकवलं. धूमकेतूची वाट उघडी असो, तो परत न येणारा असो, त्याचाही सर्वात जवळचा बिंदू अक्षावरच सापडतो. पण सुरुवात मी दोऱ्यानेच करायचे.

हे पत्र पाटाखाली ठेवते, टाकायला पत्ता नाही. एक सांगायचं राहिलं. ते लांब अक्षाचं वाक्य मी पुस्तकातून पाठ केलं होतं. तुम्ही "काहून?" असं विचारलं असतं तर मला कारण सांगता आलं नसतं. मला कळलं ते तुमचा दोरा फिरताना. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही पुन्हा टायपिंगचं काढाल याची मला भीती वाटली.