ल्हानपणापासून हाय

गुलटेकडी, पुणे
१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

प्रिय शकू,

आज अंगणवाडीत एकवीस मुलं आली. प्रार्थना, गाणी, मग खिचडी. अकरा जणांची वजनं केली. माहिती भरताना मोबाईल दोनदा बंद पडला. सव्वादोनला कुलूप लावून घरी आले. दिवाळीनंतर तुझी आई गेली, तेव्हापासून मदतनिसाची जागा रिकामीच आहे. झाडणं, रांधणं, मुलांना शूला नेणं, सगळं मीच बघते.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात मुलं 'बाई-बाई' खेळत होती. मार्केट यार्डातल्या एका हमालाची चार वर्षांची रुकय्या बाई झाली होती. तिने सगळ्यांना ओळीत बसवलं, वहीत रेघोट्या मारल्या, कपाळाला हात लावला. मग भिंतीकडे तोंड केलं, विटेची भुकटी बोटावर घेतली आणि हिरड्यांना चोळली. थुंकून परत आली आणि म्हणाली, "हां, आता बोला रे." एकाही मुलाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी त्यांना हात धुवायला शिकवते, दात घासायला शिकवते. त्यांनी हेही शिकून घेतलं होतं. मी तिचं तोंड धुतलं. ओरडले नाही. कुणावर ओरडणार होते?

भाजलेल्या तंबाखूची ती काळी मिश्री मी बावीस वर्षं लावत होते. सर्वेक्षण, लसीकरण, मतदार याद्या, सगळं आमच्याकडे येतं. एखाद्या मुलाचं वजन घटलं की वरून विचारणा होते आणि खालून त्याची आई भांडायला येते. अशा वेळी चिमूटभर लावली की डोकं शांत व्हायचं. तुझी आई म्हणायची, "ताई, सरकारनं पोरांना खिचडी दिली, आपल्याला ही तरी द्यायची व्हती." तिचं बोलणं आता ऐकू येत नाही, हीच मोठी अडचण आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, मिश्री कधीपासून लावता? ती म्हणाली, "ल्हानपणापासून हाय." तू चिडलीस, तिच्या माहेरच्या गावाला नावं ठेवलीस. मी तिची पिशवी धरून तिथेच उभी होते. शकू, ते खोटं होतं. चौदा वर्षांपूर्वी एका वजनाच्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. चाळीस मुलं होती, तिला घरी सोडणं मला परवडत नव्हतं. मी माझी डबी तिच्यापुढे धरली. ती नको म्हणाली. मी म्हटलं, "लाव गं, काम तरी उरकेल." पुढे तीच दोघींसाठी तंबाखू भाजून आणायला लागली. ती गालाच्या कॅन्सरने गेली, आणि जाताना मला वाचवायला खोटं बोलली. मी तिला बोलू दिलं.

रुकय्याच्या त्या खेळानंतर मी मिश्री सोडली. आज चोविसावा दिवस. पहिल्या आठवड्यात मुलांवर खेकसत होते, मग त्यांच्यासमोर स्वतःचे कान धरायचे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालातला पांढरा चट्टा पाहिला. आत्ता थांबलात तर बरा होऊ शकतो, तीन महिन्यांनी दाखवा, म्हणाल्या. हल्ली डोकं चढलं की मी मुलांची आगगाडी करून अंगणात दोन फेऱ्या मारते. इंजिन व्हायला रोज भांडणं होतात.

आईच्या जागेसाठी अर्ज करू का, असं तू विचारलंस. कर. मला तू हवी आहेस. पण तिच्या तोंडात ती पहिली चिमूट कुणामुळे गेली हे माहीत नसताना तू माझ्या शेजारी बसून काम करावंस, हे मला चालणार नाही. हे वाचून दुसरी अंगणवाडी बघावीशी वाटली तरी माझा राग नाही. शेवटची तारीख पंचवीस आहे. उद्याची मटकी निवडायची राहिली आहे, परात घेऊन बसते.

तुझीच, आणि तिचीही,
बिलकिसमावशी