बोळकीसाठी बिस्कीट, नमुना क्रमांक चार

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण डाव्या खांद्यावर बोळकी झोपली आहे, तेव्हा उजव्या हातापुरता मान्य करून घे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? इकडे सर्व क्षेम. फक्त नऊ महिने होऊनही दाताचा पत्ता नाही, आणि तुझी भाची दिसेल ते हिरड्यांनी चावते (टेबलाची कड, माझं नाक, तिच्या आईचं ओळखपत्र).

तू फोनवर म्हणालीस, तुटणार नाही पण तोंडात विरघळेल असं काहीतरी तिला चावायला दे. तू सहज बोलून गेलीस. मी नळाच्या तोट्या तपासतो. आमच्या कारखान्यात असं वाक्य आलं की त्याची चाचणी होते. दुकानात बाळांच्या खाऊची भिंतभर फळी होती. इथली अक्षरं मला अर्धीच लागतात, म्हणून चित्रं पाहिली. प्रत्येक पाकिटावरच्या बाळाला सहा-सहा दात (त्याला कशाला हवं हे बिस्कीट?). शेवटी चार प्रकार उचलले आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक दाबयंत्राखाली ठेवून, मग कोमट पाण्यात सोडून घड्याळ लावलं. पहिलं मोडेना. दुसऱ्याचा भुगा झाला. तिसरं विरघळलं, पण मधोमध खडा उरला. चौथ्याची नोंद करतोय तोवर आमच्या साहेबीणबाई मागे येऊन उभ्या. तीन नातवंडांच्या आजी आहेत त्या. त्यांनी वही वाचली, नमुना क्रमांक चार चहात बुडवून खाल्ला आणि विचारलं, "बरं आहे की. बाळाला दिलंस का?" मी म्हणालो, तपासणी अजून अपुरी आहे.

सोमवारपासून हिची रजा संपते आणि दुपारचं भरवणं माझ्याकडे येतं. नुसत्या दुधावर आता भागणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाजर मऊ उकडून देणार आहे. बाकी ठीक. कळावे.

तुझा धाकटा

ता. क. कळावे लिहिलं खरं, पण कळण्यासारखं काही लिहिलंच नाही. तीन आठवड्यांपूर्वी ही बाहेर गेली असताना मी बोळकीला सफरचंदाची फोड दिली. ती घशात अडकली. तिचा आवाज बंद झाला, ताई. पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा फोड बाहेर पडली, आणि ती माझ्याकडे बघून हसली. मला अजून हसता आलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. ही तिला भरवायला बसली की मी खोलीबाहेर जातो; स्वतः चमचा धरला की हात थरथरतो. फोनवर घरभर ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

आणखी ता. क. हिला आजच सांगतो. सोमवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावीन, तू नुसती समोर बस. सूचना देऊ नकोस (हे तुला जड जाईल).

शेवटचं ता. क. पत्राचा खालचा कोपरा दिसणार नाही. बोळकी जागी झाली आणि तिनं तो तोडून तोंडात घातला. मी लगेच बोट घालून कागद बाहेर काढला, तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं. खालचा, डावीकडचा दात आहे, ताई. आणि हात थरथरायचा राहूनच गेला.