बारावी बाटली आणि अकरा बुचे

मी शालीकराम वल्द बकाराम टेंभरे, वय चौसष्ट, धंदा पूर्वी रेल्वेच्या मालगोदामात बाबू व हल्ली घरची धानशेती, राहणार गोंदिया, जिल्हा भंडारा, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे दुधराम मास्तरांनी सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायको आतून "लवकर आटपा जी, भात थंडा होऊन राहिला" म्हणाली, ते दडपण समजू नये. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहते घर, परसातील विहीर व दोन म्हशी माझी पत्नी सावित्रीबाई हिच्याकडे ती हयात असेतो राहाव्यात. तिच्या पश्चात हे सर्व केशोरी गावी दिलेली आमची मुलगी सुशिलाबाई हिला मिळावे. घराच्या कौलांची दुरुस्ती मी दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत आलो. ती दुरुस्ती पोस्टातील माझ्या पैशातून आधी करावी, मग तेरावे करावे.

कलम २. तलावाखालच्या धानाच्या चार बांध्या सुशिलाबाईला. त्यात आपले सुवासिक चिन्नोर धानच लावावे. जावईबापूंना जास्त पिकणारे धान आवडते हे मला ठाऊक आहे. त्यांनी ते स्वतःच्या बांध्यांत लावावे.

कलम ३. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचे आंब्याचे झाड आपले आहे असे माझा धाकटा भाऊ खुशाल म्हणतो. या झाडापायी आम्ही एकोणीस वर्षे एकमेकांच्या घरी पाणी घेतले नाही. आता त्याला आंबे लागत नाहीत, सबब ते झाड खुशालचे आहे हे मी मान्य करतो. माझ्या सरणाला त्याचेच लाकूड घ्यावे, म्हणजे त्यानेही मला काही दिल्यासारखे होईल.

कलम ४. माझा वजनाचा लोखंडी काटा माझा मित्र चुन्नीलाल, धान्याचे व्यापारी, गोंदिया, यांना द्यावा. हा काटा कमी दाखवतो असे ते वीस वर्षे म्हणत आहेत. आता घरी नेऊन सावकाश तपासावा.

कलम ५. हे कलम लांब आहे व खरे तर याच्यासाठीच मी कागद घेऊन बसलो आहे.

सन १९१८ साली मालगोदामात बेवारस मालाचा लिलाव झाला. कोणा साहेबाची बदली झाली व त्याची पेटी घ्यायला कोणी आले नाही. ती मी घेतली. आत बारा बाटल्या विलायती लाल दारू होती, द्राक्षांची, आणि इंग्रजीत यादी. यादीप्रमाणे माल दोन जातींचा, क्लॅरेट आणि बर्गंडी मिळून बारा. कोणती किती, ते लिहिलेले नव्हते. सावित्रीबाईने पेटी देवघर असलेल्या घरात येऊ दिली नाही. म्हणून ती मी गोठ्याच्या माळ्यावर ठेवली आणि एका पावसाळ्यात वाळवीने पेटी खाल्ली, पेंढा खाल्ला, बाटल्यांवरची सगळी लेबले खाल्ली. बाटल्या एकसारख्या काळपट हिरव्या. कोणती काय, हे ओळखायला फक्त जीभ उरली.

मग चुन्नीलाल धरून आम्ही तिघा मित्रांनी नियम केला. तिसरा मित्र म्हणजे उदाराम पटले, दवनीवाड्याचे शेतकरी. दरवर्षी दिवाळीनंतरची आमची मंडई, म्हणजे गावची जत्रा, झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या अंगणात एक बाटली उघडायची. डोळ्यांना दुपट्टे बांधायचे, कारण चुन्नीलालच्या मते डोळे उघडे असले की जीभ आळशी होते. प्रत्येकाने घोट घ्यायचा आणि जात सांगायची. दोघे म्हणतील ते खरे. पहिल्या वर्षी आम्हाला तसे बसलेले पाहून सावित्रीबाई म्हणाली, "हे तीन म्हातारे लपंडाव खेळून राहिले का जी?" तेव्हा आम्ही म्हातारे नव्हतो. तिने मात्र उरलेल्या बाटल्या स्वतः उचलून धानाच्या कोंड्यात आडव्या पुरून ठेवल्या, आणि त्या टिकल्या त्या तिच्यामुळे.

दोन्ही जातींची ओळख मीच करून दिली होती. गोदामातल्या साहेबाकडून ऐकले होते की क्लॅरेट जिभेला आवळते, बर्गंडी मऊ उतरते. एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ झालो. चुन्नीलाल माझ्या इंग्रजीवर विश्वास ठेवून नेहमी माझ्या बाजूने बोलत. उदाराम घोट बराच वेळ तोंडात फिरवत आणि बहुतेक वेळा उलटेच सांगत. हा माणूस तांदळाचा एक दाणा चघळून धान वरच्या बांधीतले की खालच्या ते सांगतो. पण आम्ही दोघे आणि ते एकटे. उलटे बोलले की ते हरत.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलेले नाही. बाटल्यांच्या बुचांवर जातीचे नाव इंग्रजीत जाळून उमटवलेले होते. पहिल्याच वर्षी हे माझ्या लक्षात आले. तिघांत इंग्रजी वाचणारा मी एकटा. चाखण्याआधी मी बूच कधी पाहिले नाही, एवढी नीती राखली. पण ते दोघे गेल्यावर मी ते खिशातून काढून वाचत असे आणि पेटाऱ्यात टाकत असे. अकरा वर्षांची अकरा बुचे आहेत. त्यांपैकी दहा वेळा उदाराम बरोबर होते. मी चार वेळा. चुन्नीलालही चार वेळा, कारण ते मीच होते.

पहिल्या वर्षी सांगितले असते तर हसून संपले असते. दुसऱ्या वर्षी थोडे जड गेले असते. पुढे पुढे तोंड उघडायचीच सोय राहिली नाही.

सन १९२९ च्या मंडईला उदारामसोबत त्यांचे नवे जावई चैतराम आले होते. अकरावी बाटली. मी क्लॅरेट म्हणालो, चुन्नीलाल क्लॅरेट म्हणाले, उदाराम म्हणाले, "नाही जी. हे दुसरी होय. मऊ हाये." मला राग आला. का आला ते आता कळते: ते बरोबर असणार हे मला आतून माहीत होते. मी जावयासमोर म्हणालो, "तांदूळ चघळणाऱ्याला विलायती काय समजते?" चुन्नीलाल हसले. उदारामनी डोळ्यांवरचा दुपट्टा सोडला, घडी केली, पेला अर्धाच खाली ठेवला आणि बैलगाडी जुंपायला सांगितली. त्यांची गाडी वळणाआड जाताच मी बूच पाहिले. बर्गंडी.

त्यानंतर ते माझ्या अंगणात आले नाहीत. तीन मंडया गेल्या. बारावी बाटली कोंड्यात तशीच आहे. त्यांच्याशिवाय ती उघडण्यात मला काही गोडी वाटली नाही. दोनदा दवनीवाड्याच्या रस्त्याला लागलो आणि दोनदा अर्ध्यातून परतलो. मला उदारामची फार आठवण येते. माफी मागायला जे लागते ते माझ्या तोंडात नाही, म्हणून हातातून लिहून देतो.

सबब, बारावी बाटली, तीन पेले व अकरा बुचे उदाराम पटले यांना द्यावीत. देताना चैतराम हजर असावेत आणि दुधराम मास्तरांनी एकेक बूच मोठ्याने वाचावे. अपमान जावयासमोर झाला, भरपाईही त्यांच्यासमोरच व्हावी.

कलम ६. वरील व्यवस्था चुन्नीलाल यांनी अमलात आणावी. साक्षीदार म्हणून दुधराम मास्तर व उदाराम पटले यांना बोलावले आहे. मित्राच्या मृत्युपत्राला कोणी नाही म्हणत नाही, असा माझा हिशेब आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, सायंकाळी.

हिशेब बरोबर निघाला. चुन्नीलाल जाऊन उदारामना घेऊन आले. गाडी चैतरामनीच हाकली. उदाराम ओट्यावर बसले, माझ्याशी बोलले नाहीत, आणि "कुठं अंगठा लावाचा?" एवढे मास्तरांना विचारले. मास्तरांनी कागद वाचायला घेतला आणि पाचव्या कलमाशी अडले. म्हणाले, "ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. मागे भानगड होते. हे एक तर घेतील, नाही तर साक्ष देतील." काय मिळते, असे उदारामनी विचारले. मग ते कलम सर्वांसमोर पहिल्यापासून वाचावे लागले. मी म्हशींकडे पाहत बसलो.

वाचून झाल्यावर चुन्नीलाल कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे भाई, आँख पे पट्टी थी, फिर भी मैं तुम्हारा ही मुँह देखके बोलता रहा!"

उदारामनी घोट तोंडात असल्यासारखे गाल फिरवले. मग म्हणाले, "काऊन रे शालीक, मले मालूम नोहोतं का? मी बराबर सांगून राहिलो हे मले पहिल्या सालापासून मालूम होतं. तुले मालूम हाये का नाही, येवढंच मी पाहून राहिलो होतो."

मी म्हणालो, "चुकलो, उदाराम." हे तोंडाने म्हणालो. ते मला जमले.

"मंग ते बाटली मेल्यावर कायले? आताच आण."

सावित्रीबाईने कोंड्यातून बाटली काढून आणली आणि कोणी सांगण्याआधीच तिघांना दुपट्टे दिले. बूच जुने होऊन कुजले होते, काढताना त्याचा भुगा झाला. मास्तरांनी भुगा तळहातावर पसरून पाहिला, एक अक्षर लागेना. आम्ही चाखली. थोडी आंबली होती. मी उदारामकडे तोंड वळवले. चुन्नीलाल पहिल्यांदाच म्हणाले, "पहले उदाराम बोलेंगे."

उदाराम म्हणाले, "क्लॅरेट. पहिल्या सालची होती, तिचीच बहीण."

बुचाचा पुरावा नाही. तरी ती क्लॅरेट होती अशी नोंद मी येथे करतो व ती अखेरची समजावी.

बाटली सायंकाळच्या आत रिकामी झाली. पेले उदारामनी गाडीत ठेवून घेतले. अकरा बुचांची माळ करून बैलाच्या गळ्यात बांधतो म्हणाले आणि ती पेटाऱ्यासकट गाडीत ठेवली; पेटारा परत द्यायला ते येणार आहेत असे मी धरतो. कलम ५ अन्वये देण्याजोगे आता काही उरले नाही, सबब त्यातील देणगी मी रद्द करतो. मजकूर मात्र खोडू नये. तो माझ्या मागे सुशिलाबाईने वाचावा.

हा कागद मी वाचून, समजून, भात थंड झाल्यावर सही करून दिला.

ठिकाण गोंदिया. रविवार, तारीख २० नोव्हेंबर १९३२.

सही: शालीकराम वल्द बकाराम टेंभरे

साक्षीदार:

१. दुधराम रहांगडाले, मास्तर, गोंदिया. सही दस्तुरखुद्द. मी दारू चाखली नाही, फक्त भुगा पाहिला.

२. उदाराम पटले, शेतकरी, दवनीवाडा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. या कागदाने यांना काहीही मिळत नाही. जे द्यायचे होते ते आज दिले.