चौथं उद्दिष्ट

सोमवार, ३

खोडलं. लाल पेनाने, दोनदा. तरी वाचता येत होतं, म्हणून तिसऱ्यांदा.

पदव्युत्तर आहारशास्त्राच्या प्रशिक्षणाची नवी उद्दिष्टं शुक्रवारी कॉलेजला द्यायची आहेत. विभागप्रमुख मी. पहिली तीन माझी: विद्यार्थी कॅलरी अचूक मोजेल, तक्ता अचूक भरेल, वेळेत सही घेईल. निर्दोष. चौथं घुसडलं चष्मेवालीने. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. समितीत मुलांचाही प्रतिनिधी हवा, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं, त्याचं हे फळ. ‘विद्यार्थी रुग्णाला जे लिहून देईल, ते आधी स्वतः खाऊन पाहील.’

उद्या म्हणतील, सर्जनने आधी स्वतःचं पोट फाडून बघावं.

आजपासून चिडायचं नाही.

मंगळवार, ४

चिडलो. कारण होतं.

दादा आमच्याच हॉस्पिटलात आहे. झटक्यानंतर उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, पातळ काही घेतलं की ठसका लागतो. म्हणून त्याचा आहार मी स्वतः लिहिला. सगळं एकत्र वाटून घट्ट लगदा. कॅलरी बरोबर, प्रोटीन बरोबर. हा माणूस ओठ आवळून भिंतीकडे बघत बसतो. डॉक्टरीणबाईंनी आज सांगून टाकलं, शुक्रवार सकाळपर्यंत तोंडाने खाल्लं नाही तर नाकातून नळी.

दादा पहिल्यापासून हट्टी. माझ्या तक्त्यात चूक नाही. पुन्हा तपासला.

बुधवार, ५

किचनमध्ये जाऊन झाडलं. मिक्सर नीट फिरवत नाहीत. आचारी म्हणाला, साहेब, तुम्ही लिहिलंय तस्संच केलंय. वर हसला.

चष्मेवालीने विचारलं, गाजर, वाटाणा, बटाटा वेगवेगळे वाटले तर? निदान काय खातोय ते तरी कळेल त्यांना. मी म्हटलं, पोटात जाऊन सगळं एकच होतं. ती म्हणाली, पोटात जातच नाहीये ना, सर.

पाचवं उद्दिष्ट: विद्यार्थी उलट बोलणार नाही.

गुरुवार, ६, दुपार

वहिनींनी लगद्याची वाटी माझ्यापुढे आपटली. "भावजी, तुम्ही एकदा खाऊन बघा."

चष्मेवालीने पढवलं असणार. मी शांतपणे समजावलं की मला यातलं सगळं माहीत आहे, वीस वर्षं शिकवतोय. नुसतं शिकवतच आहात, म्हणाल्या.

संध्याकाळी मीच भरवणार. माझ्यापुढे दादाचं काही चालायचं नाही.

गुरुवार, संध्याकाळ

चमचा पुढे केला. दादाने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि चमचा माझ्याकडे वळवला. ओठ हलले. झटक्यानंतर पहिल्यांदा शब्द आले. वाकडेतिकडे, पण आले.

"आधी तू."

लहानपणी कडू औषध आलं की हे मी म्हणायचो. दादा घोट घ्यायचा, चेहरा सरळ ठेवायचा आणि म्हणायचा, गोड आहे.

वहिनी डोळे पुसायला लागल्या. मी चमचा तोंडात घातला. चेहरा सरळ ठेवायचं ठरवलं होतं. भिजलेला पुठ्ठा, कोमट. खाली जाईना, वर येईना. शेवटी रुमालात.

दादा हसला. अर्ध्या तोंडाने, खांदे गदागदा हलवत. नर्स धावत आली.

तोवर चष्मेवाली तीन वाट्या घेऊन हजर. केशरी, हिरवी, पांढरी. माझी परवानगी नव्हती. प्रत्येकीतलं आधी तिने खाल्लं, मग दुसरा चमचा घेऊन दादापुढे धरला. त्याने तोंड उघडलं. नेमकं आताच.

माझ्यामुळेच भूक लागली असणार. हसल्याने लागते.

शुक्रवार, ७, सकाळ

नळी घातली नाही. दादाने गाजराची वाटी संपवली. वहिनींनी भरवली. मला बघितलं की त्याला हसू फुटतं आणि हसला की ठसका लागतो, म्हणून चष्मेवालीने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिथे मांडीवर कागद घेऊन उद्दिष्टं पुन्हा लिहिली. चौथं वाचता येत नव्हतं. तिलाच विचारावं लागलं.