कुरानामींची तांब्याची कांडी

चिसातोताई, सेंदाईहून तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

खोकला आता नावापुरताच आहे. तू धाडलेली वाळवलेली पर्सिमन फळं पोचली. ‘निम्मी कुरानामींना दे’ लिहिलं होतंस, म्हणून दिली. लहान लहान निवडून दिली.

प्रयोगशाळेत आम्ही दोघंही भट्टीपुढे साकेचा नैवेद्य ठेवतो, पण ती पावते त्यांनाच. माझं तांबं गोठताना दाणेदार होतं. त्यांची अख्खी कांडी एकच स्फटिक झाली. सर तिच्यापुढे चक्क कमरेत वाकले!

चहाच्या वेळी कुरानामींनी तिचा एक तुकडा मला दिला. “वाकव की, घाबरतोस काय?” दोन बोटांनी मेणासारखा वाकला. सरळ करायला गेलो, तर दोन्ही हातांनी हलेना. सगळे खो खो हसले.

“अरे वेड्या, तो एकदाच मऊ असतो. वाकला की घट्ट झाला!” कुरानामी म्हणाले.

बाबांची कंबर कशी आहे? नव्या वर्षाला कुरानामी आपल्या घरी येणार, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. तू पत्र लिहून बोलावलंस म्हणे.

येऊ देत. पण ताई, पहिल्याच भेटीत मऊ होऊ नकोस. एकदा त्यांच्याकडे वळलीस, तर तुला परत वळवायचं बळ माझ्या हातांत नाही.

अजून तरी तुझा लाडका,
तोकुजी