पाचव्या नावाची जागा

पिट्सबर्ग,
रविवार, १७ जुलै १९६६

प्रिय व्हर्नाताई,

तुझं पत्र आणि त्यातलं वर्तमानपत्राचं कात्रण गुरुवारी मिळालं. गुडघे कसे आहेत? पीचचा मुरंबा बरण्यांत भरून झाला असेल. इथल्या हॉटेलात पाव असला देतात, की त्यानं खिळा ठोकावा.

आज बेसबॉल खेळणाऱ्यांपैकी पन्नास वर्षांनीही निघतील, अशी पाच नावं त्या वार्ताहरानं छापलीत, आणि त्यात आपला लॉयड. तू विचारतेस, "ऑर्विल, तू आयुष्यभर चेंडू टाकणारे पिचर घडवलेस. खरं सांग, माझा मुलगा त्यांच्या पंगतीत बसतो का?"

त्या वार्ताहराला कळतंय डोंबल! बाबांचा नियम आठव. दर जुलैत ओसरीवर पाच नावं, तीही पेन्सिलीनं. चेंडू टाकून टाकून हात गेल्यापासून बाबांना शर्टाची गुंडी लावता यायची नाही. तू गुंडी लावायचीस आणि मी यादी लिहायचो. "आज काय करतो ते कुणीही सांगेल," ते म्हणायचे, "तिशीनंतर काय उरेल ते बघा."

तर माझी यादी. हॉलिस प्रुइट, कारण चेंडू कुठे जाणार ते याच्या पायांना आधी कळतं. रामोन किलेस, कारण दोन चेंडू हुकले की बाकीचे घाबरतात, हा हसतो. स्टोक्स, दारू सुटली तर. आमचा कॅचर ग्रीर, पण त्याचे गुडघे तुझ्यासारखेच.

चार झाली. पाचव्यासाठी पेन्सिल हातात धरून मघापासून बसलोय. पावाबद्दल उगाच लिहिलं, ताई.

कालचा सामना तू रेडिओवर ऐकला असशीलच. सबंध सामन्यात, नऊच्या नऊ डावांत समोरच्यांना एकही फटका मिळू दिला नाही लॉयडनं. अशा वेळी आमच्यात पिचरशी कुणी बोलत नाही. त्याच्या शेजारी बसतसुद्धा नाहीत. बोललं की नजर लागते म्हणतात. पाचव्या डावापासून त्याच्या दोन्ही बाजूंचं बाक रिकामं होतं, मधे तो एकटा.

सहाव्या डावानंतर त्यानं पाण्याचा पेला उजव्या हातानं उचलला आणि तो बोटांतून निसटला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरा पेला डाव्या हातानं घेतला. सातव्यात चेंडू सुटताना त्याचं कोपर खाली आलं होतं. मी बाबांना असंच टाकताना पाहिलंय, खेळातल्या त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात.

मी उठलो. ग्रीरनं माझी बाही धरली. "वेडबिड लागलंय का म्हाताऱ्या? आत्ता जाऊन बोलणार त्याच्याशी?"

"त्याचा हात बघ की!"

"उद्या बघू. बस खाली."

आणि मी बसलो. ग्रीरला दोष देऊ नकोस. मलाही तो सामना हवा होता, ताई. आपल्या घरातलं एक नाव शाईनं लिहायला मिळावं, ही हाव मला सुटली होती. अजून दोन डाव, तीसेक चेंडू त्यानं टाकले, आणि प्रत्येक चेंडूला मी देवाकडे फटका न बसण्याची भीक मागत होतो. त्याचा मामा असून!

शेवटी सामना जिंकल्यावर सगळे आनंदानं त्याच्या अंगावर पडले. त्यानं मला एकाच हातानं मिठी मारली.

नंतर मी विचारलं, तर म्हणाला, "मामा, सप्टेंबरपर्यंत, हंगाम संपेपर्यंत कळ काढू दे. मग डॉक्टरला हात दाखवतो. आणि आईला काही लिहिलंस तर तुझं-माझं संपलं."

आज सकाळी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "कालच्या सामन्यानंतर त्याला बाहेर बसवू? लोक मला दगड मारतील. दुखतंय म्हणून तो स्वतः सांगू दे." त्यानं लॉयडला विचारलं, तर लॉयड हसून म्हणाला, "मामा म्हातारा झालाय." गुरुवारी दुपारी तो पुन्हा टाकणार आहे. तिकिटं संपली आहेत.

माझं शिकवणं त्यानं आयुष्यभर ऐकलं, पण आता तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. बुधवार सकाळची बस पकड आणि ये. मला तोंडावर शिव्या दे, पण ये.

तो मला पुन्हा मामा म्हणणार नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून आजचं एकच सांगतो आणि थांबतो. चर्चला निघताना तो माझ्या दारात आला, हसतच, मान वर करून, आणि म्हणाला, "मामा, एवढी वरची गुंडी लावून दे ना."

मी लावून दिली. ती लावायला आता तू ये.

बोलायच्या वेळी गप्प बसलेला,
तुझा ऑर्विल