लहरींचं खूळ

१९ फेब्रुवारी २०१३
चेअरमनला अक्कल शिकवून आलो! सुंदरराव, दूध संस्थेचे चेअरमन. संस्थेनं चारा छावणी उघडल्यापासून दुष्काळ यांनीच आणल्यासारखा रुबाब. चारशे जनावरं, आणि खनिज-मीठ चक्क मातीवर ओतलेलं! निम्मं खुराखाली. म्हटलं, आवारात मोबाइल टॉवर आहे ना? त्याच्या जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्यानं फोडल्या, आतलं नेलं, काळ्या पेट्या मागं पडल्यात. आणा त्या दावणीला, मीठ त्यात भरा.
"धुवाव्या लागतील की, डाक्टर."
टँकरचं पाणी धुण्यात घालवणार! राखेनं पुसा म्हटलं. पुसल्या. अकरा भरल्या, पहिल्या रांगेला पुरल्या. पशुवैद्यकाला हेही सांगावं लागतं.

६ मार्च
नवीन खूळ! सकाळी दोन गाया गोल गोल फिरत होत्या, आणि सगळी छावणी मान वर करून टॉवरकडे बघत होती. गाईकडे बघणारा मी एकटा.
गहिनीनाथ मास्तर पुढारी. रिटायर झाल्यापासून पेपर पाठ करतात. टॉवरच्या मायक्रोवेव्ह लहरींनी उंदरांचे मेंदू बिघडतात असं कुठंतरी वाचलंय. "उंदराचं डोस्कं येवढंसं, तरी बिघडलं. गाईचं तर केवढं मोठं!" धन्य ते गणित! आणि या माणसानं तीस वर्षं विज्ञान शिकवलं.

९ मार्च
सरूबाई धापा टाकत आली. "डाक्टर, माजी तांबू भिताडाला डोस्कं लावून हुबी हाय. हाक मारली तर वळंना."
तांबू आठ महिन्यांची गाभण. लेक-जावई ऊसतोडीला गेलेत, इथं बाई आणि गाय, दोघीच. गाय दात खात होती. डोळ्यापुढं बोट नेलं — पापणी हलली नाही. आंधळी! छावणीत उसाची मळी वारेमाप घालतात, त्यानं बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं. टोचलं.

१० मार्च
तांबूनं उसाचं वाढं खाल्लं! आता मास्तरांच्या लहरी कुठं गेल्या?

१२ मार्च
संस्थेत बैठक. मास्तर म्हणे टॉवर पाडा. मी समजावलं — उंदरांवर प्रयोग झालेत, नाही म्हणत नाही. पण पिंजऱ्यात कोंडून, अँटेना अगदी जवळ आणून, इथं पोचतं त्याच्या कितीतरी पट मारा करून. तरी एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. कोण ऐकतो! शेवटी टॉवरखाली खुर्ची टाकून चार तास बसलो. म्हटलं, बघा, माझं डोकं फिरलं का?
मागून कुणीतरी बोललं, "डाक्टरचं आदीच फिरलेलं हाय!"
हसले सगळे. हसा लेको. गाढवापुढं वाचली गीता.

१५ मार्च
सरूबाईनं गाठलं. "टावर तर समद्यावर हाय. मंग पैल्याच रांगंची जनावरं कावून पडायलीत? टावरच्या बुडाला पाचवी रांग, तिथली समदी धडधाकट हायत."
वा! शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मास्तरापेक्षा शहाणी. उद्या हेच त्यांच्या तोंडावर मारतो. पहिल्या रांगेला मळी जास्त पडत असणार, दुसरं काय! तिला म्हटलं, कारण शोधायला मी आहे, तू गाईकडे बघ.

१८ मार्च
तांबू गेली. पोटातल्या वासरासकट.
सरूबाई रडली नाही. दावं सोडवून हातात गुंडाळलं आणि तशीच बसून राहिली. मला तिच्याजवळ थांबवेना.
गाय फाडली. यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे प्रयोगशाळेला पाठवले. अहवाल आला की छावणीच्या फळ्यावर चिकटवणार. मोठ्या अक्षरांत. या लोकांना त्याशिवाय अक्कल यायची नाही.

२५ मार्च
आणखी दोन गेल्या. पहिलीच रांग. मळी बंद केली तरी.

२ एप्रिल
अहवाल आला. शिसं.
दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला. यकृतात शिसं, मूत्रपिंडात शिसं. आंधळेपण, दात खाणं, भिंतीला डोकं लावणं — सगळं पुस्तकात आहे. परीक्षेत लिहिलं होतं मी!
छावणीत शिसं कुठून येणार, म्हणून डोकं खाजवत बसलो. आणि मग बॅटऱ्या आठवल्या. राखेनं पुसलेल्या, आत शिशाची भुकटी राहिलेल्या. दीड महिना जनावरं त्यातलं मीठ चाटतायत. दीड महिना त्याच रांगेचं दूध संस्थेत जातंय.
सरूबाईनं रांगसुद्धा दाखवली होती मला. आणि मी तिला गाईकडे बघायला सांगितलं. लाज वाटते.

३ एप्रिल
पहाटेच जाऊन अकराही पेट्या जीपमध्ये भरल्या. सरूबाई दावं घेऊन तिथंच होती. "पेट्या कावून नेताव, डाक्टर?"
तेवढ्यात मास्तर आले, चेअरमन आले, सगळे जमले. अहवाल माझ्या खिशात होता.
म्हणालो, या पेट्यांत टॉवरच्या लहरी साठतात. पहिल्या रांगेचं दूधही ओतून द्या, त्यात उतरल्यात.
मास्तरांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला. "अखेर पटलं ना, डाक्टरसाहेब!"
पटलं, म्हणालो.